विंडोजवरच्या लिनक्समध्ये आपले फोल्डर कसे गाठायचे

जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन मी विंडोजच्या डी ड्राइव्हवर ठेवते आणि त्यांच्यावरचं सगळं काम उबुंटूच्या (हा लिनक्सचाच एक प्रकार) टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, करते. नव्यानं डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) टाकणाऱ्या मैत्रिणी आधी हेच विचारतात, "माझ्या फाइली गेल्या कुठे?" कुठेही नाही, जागच्या जागीच आहेत. लिनक्समध्ये सगळं एकाच / पासून सुरू होतं. विंडोजचे ड्राइव्ह त्यात /एमएनटी/सी, /एमएनटी/डी अशा नावांनी जोडलेले असतात.

टर्मिनल उघडलं की आधी पीडब्ल्यूडी; आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते ही कमांड सांगते. (कमांड सगळ्या इंग्रजी स्मॉल अक्षरांत टाइप करायच्या.) उत्तराची सुरुवात /एमएनटी/डी अशी असेल तर तुम्ही विंडोजच्या ड्राइव्हवर आहात, /होम असेल तर उबुंटूच्या स्वतःच्या जागेत. ही सवय लावून घ्याच, कारण आरएमनं पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, डी ड्राइव्हवरची असली तरीही. मी आरएम -आय वापरते, म्हणजे दर फाइलमागे विचारणा होते.

एलएसनं यादी दिसते. एलएस -ए दिलं तर टिंबानं सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलीही. सीडीनं फोल्डर बदलतो: सीडी .. नं एक पायरी वर, नुसत्या सीडीनं होममध्ये, म्हणजे उबुंटूतल्या आपल्या फोल्डरमध्ये. सीडी - मला विशेष आवडतं: मघाशी जिथे होतात तिथे परत नेतं.

लोक खरे अडतात ते नावातल्या स्पेसपाशी. माझा एक फोल्डर आहे 'दिवाळी अंक 1965'. सीडीपुढे हे नाव तसंच लिहिलं तर बॅशला (टर्मिनलमध्ये आपल्या कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामला) ते तीन वेगळे शब्द वाटतात आणि 'टू मेनी आर्ग्युमेंट्स' म्हणून तो थांबतो. नाव अवतरणचिन्हांत घाला. नाहीतर 'दि' लिहून टॅब दाबा. देवनागरी नावंही पूर्ण होतात आणि स्पेसच्या आधी लागणारा \ आपोआप येतो. कीबोर्ड मराठीवर न्यायचा नसेल तर सीडी *1965 लिहा. 1965नं संपणारं तिथे दुसरं काही नसेल तर थेट आत जाल.

एक्सप्लोररमधून कॉपी केलेला डी:\ नं सुरू होणारा पत्ता इथे तसाच चालत नाही. डब्ल्यूएसएलपाथ या कमांडपुढे तो एकेरी अवतरणचिन्हांत द्या, लिनक्सचा पत्ता मिळेल.

हजारो लहान फाइलींवर काम असेल तर त्या आधी सीपी -आरनं कॉपी करून होममध्ये आणा. 2019मध्ये जाहीर झालेल्या डब्ल्यूएसएल 2मध्ये उबुंटूची वेगळी आभासी डिस्क असते, आणि तिथून दर वेळी विंडोजच्या ड्राइव्हवर जाण्यात बराच वेळ जातो. काम झालं की त्याच फोल्डरमधून एक्सप्लोरर.ईएक्सई, मग स्पेस आणि टिंब लिहा. तो फोल्डर विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत उघडतो. तिथून फाइली ईमेलला जोडा, पेनड्राइव्हवर टाका, हवं ते करा.