ड्रॅग कारमध्ये इंजिन नेमकं कुठे बसवायचं? या चुका टाळा

ड्रॅग कार, म्हणजे सरळ ट्रॅकवर थांबल्या जागेवरून सुटून शर्यत करणारी गाडी, बांधायला घेतली की पहिला प्रश्न ठरलेला, मागच्या चाकांवर वजन पडून पकड वाढावी म्हणून इंजिन किती मागे ढकलू? आणि त्यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं, जाईल तेवढं ढकल. मग ग्राइंडर निघतो, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) कापली जाते, पाय ठेवायची जागा अर्धी होते, आणि एवढं सगळं करून गाडी काट्यावर चढवली की मागच्या चाकांवर जेमतेम दहा-बारा किलो वाढलेले दिसतात. माझं म्हणणं एवढंच की इंजिनची जागा सगळ्यात शेवटी ठरवा. आधी व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर), टायर, राइड हाइट (जमिनीपासून गाडीची उंची), डिफरन्शियल कुठे येतंय आणि ड्रायव्हर कुठे बसतोय हे पक्कं करा, त्यानंतर इंजिन.

आकडेमोड न करता फायरवॉल कापणं

ही सगळ्यात महागडी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो. हिशोब अगदी शाळेतला आहे. एखादी वस्तू मागे सरकवली की तिचं वजन गुणिले सरकवलेलं अंतर भागिले व्हीलबेस, तेवढं वजन पुढच्या चाकांवरून उठून मागच्या चाकांवर जातं. समजा इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून ३०० किलो, व्हीलबेस २.६ मीटर, आणि आपण दोन्ही १० सेंटीमीटर मागे घेतले. ३०० गुणिले ०.१० भागिले २.६, म्हणजे साधारण साडेअकरा किलो. ड्रायव्हरसकट १२०० किलोच्या गाडीत हा एक टक्कासुद्धा नाही!

आता तीच १८ किलोची बॅटरी बघा जी पुढच्या ॲक्सलच्या डोक्यावर बसलेली असते. ती उचलून डिकीत, मागच्या ॲक्सलच्याही ४० सेंटीमीटर मागे ठेवली तर ती ३ मीटर सरकली, म्हणजे जवळपास २१ किलो मागे गेले, आणि तेही काहीही न कापता. (बॅटरी मागे नेली की बाहेरून बंद करता येईल असा मास्टर कट-ऑफ स्विच लागतो, एनएचआरए या अमेरिकन ड्रॅग रेसिंग संस्थेच्या नियमात तो सक्तीचा आहे, तो विसरू नका.) मग पुढचं बोनेट फायबरचं केलं, हीटर, हॉर्नचे ब्रॅकेट, जाडजूड बंपर काढला की पुढचं वजन आणखी उतरतं आणि एकूण गाडीही हलकी होते. हे सगळं करून झाल्यावरही चार चाकांखाली चार काटे लावून, ड्रायव्हर सीटवर बसवून, लागेल तेवढं पेट्रोल भरून मोजा. मग जे कमी पडतंय तेवढ्यासाठी इंजिन हलवायचं का ते बघू.

आणि इंजिन मागे म्हणजे शेवटी काय, तर चाकांच्या हिशोबाने मागे. १९६५ मध्ये क्रायस्लरने डॉज आणि प्लिमथच्या फॅक्टरी रेस गाड्यांत चक्क मागचा ॲक्सल १५ इंच आणि पुढचा १० इंच पुढे सरकवला होता, म्हणजे चाकंच इंजिनाखालून पुढे नेली. एनएचआरएने त्या गाड्या फॅक्टरी एक्सपेरिमेंटल क्लासमध्ये चालू दिल्या नाहीत ती गोष्ट वेगळी, पण डोकं कसं चालवायचं ते त्यातून कळतं.

सेटबॅक चुकीच्या ठिकाणाहून मोजणं

बऱ्याच क्लासमध्ये सेटबॅकला, म्हणजे इंजिन मागे घेण्याला, मर्यादा असते, आणि नेहमी भेटणारा आकडा म्हणजे व्हीलबेसच्या १० टक्के. २.६ मीटर व्हीलबेसला २६ सेंटीमीटर. लोक काय करतात, कंपनीने जिथे इंजिन दिलं होतं तिथून २६ सेंटीमीटर मागे मोजतात आणि खूश होतात, आणि मग टेक इन्स्पेक्शनला गाडी बाद. मोजमाप पुढच्या स्पिंडलच्या (चाक ज्या दांड्यावर फिरतं त्याच्या) मध्यरेषेपासून सगळ्यात पुढच्या स्पार्क प्लगच्या मध्यापर्यंत धरतात. मूळ जागेतच तो प्लग स्पिंडलच्या ८ सेंटीमीटर मागे असेल तर तुमच्याकडे उरले फक्त १८. व्ही-८ मध्ये आणखी एक गंमत आहे, सिलिंडरच्या दोन रांगा, म्हणजे बँक, समोरासमोर नसतात, एक थोडी पुढे असते. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक इंजिनला डावी बँक पुढे, फोर्डच्या स्मॉल ब्लॉकला उजवी. मोजताना पुढच्या बँकेचाच प्लग धरायचा. आणि कॅस्टर (पुढच्या चाकाच्या स्टीअरिंग अक्षाचा पुढे-मागे कल) बदलला तर स्पिंडलही पुढेमागे होतो, त्यामुळे पुढचं अलाइनमेंट झाल्याशिवाय हा आकडा खरा मानू नका.

उंचीबद्दलचे जुने समज

१९६० च्या आसपासच्या नाक उंच ठेवलेल्या गॅसर ड्रॅग गाड्यांचे फोटो बघून काही जण आजही इंजिन वर उचलतात. त्या काळी टायरला पकड कमी होती, सुटताना वजन जेवढं मागे जाईल तेवढं हवंच होतं, त्यामुळे ते बरोबरच होतं. गाडीचं वजन तेच धरलं तर त्यातलं किती मागे जाणार हे तीनच गोष्टींवर ठरतं: गुरुत्वमध्याची उंची, व्हीलबेस आणि गाडी किती जोरात सुटतेय. वरच्याच १२०० किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर आणि सुटतानाचा जोर १.५ जी (गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट प्रवेग) धरला तर साधारण ३४५ किलो मागे जातात. आता इंजिन-गिअरबॉक्स ५ सेंटीमीटर वर घेतलं तर पूर्ण गाडीचा गुरुत्वमध्य फक्त सव्वा सेंटीमीटर वर जातो आणि ट्रान्सफर वाढतं ते आठ-नऊ किलोने. एवढ्यासाठी बोनेटमधून इंजिन बाहेर काढायचं?

स्प्रिंग मऊ केल्या, पुढचं नाक हातभर वर आलं म्हणजे जास्त वजन मागे गेलं असं समजणारेही खूप आहेत. नाक वर आल्याने गुरुत्वमध्य थोडा वर जातो तेवढाच काय तो फरक, बाकी स्प्रिंग आणि शॉक फक्त ते वजन किती पटकन पोचतं ते ठरवतात.

चांगले स्लिक्स (नक्षी नसलेले रेसिंग टायर) आणि चांगला ट्रॅक असेल तर उलटच अडचण येते, पुढची चाकं गरजेपेक्षा जास्त उचलतात. मागच्या ॲक्सलपासून गुरुत्वमध्यापर्यंतच्या अंतराला त्याच्या उंचीने भागा, जो आकडा येईल तेवढ्या जी ला चाकं जमीन सोडणार. १.३ मीटर आणि अर्धा मीटर असेल तर २.६ जी. इंजिन, बॅटरी, सीट सगळंच मागे नेऊन ते अंतर १ मीटरवर आणलं तर २ जी लाच नाक आकाशात, मग व्हीली बार (नाक जास्त उचलू न देणारा मागचा दांडा) लावा, मग पुढे वजन टाका, म्हणजे जे काढलं तेच परत घालायचं. शिवाय ट्रॅकच्या शेवटी पुढचं टोक हलकं पडलं की स्टीअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं.

शाफ्टचा कोन नंतर बघू म्हणणं

नंतर बघता येत नाही हो. इंजिन मागे गेलं की प्रोपेलर शाफ्ट आखूड होतो, आणि शाफ्ट जितका आखूड तितका सस्पेन्शनच्या हालचालीने त्याचा कोन जास्त बदलतो. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (युनिव्हर्सल जॉइंटचे) कोन सारखे आणि उलट हवेत, १ ते ३ अंशांच्या आत. अगदी शून्यही नको, कारण मग क्रॉसच्या नीडल बेअरिंग एकाच जागी रगडल्या जातात.

यात लोकांच्या नजरेतून सुटतो तो आडवा कोन. इंजिन एका बाजूला दोन-तीन सेंटीमीटर सरकवणं तसं वावगं नाही, स्टीअरिंगच्या रॉडला किंवा हेडरला (एक्झॉस्टच्या पाइपांना) जागा हवी म्हणून कंपन्याही सरकवतात. पण वरून बघितल्यावर क्रँकची रेषा आणि पिनियनची (डिफरन्शियलमध्ये शाफ्ट जोडलेल्या गिअरची) रेषा समांतर राहिली पाहिजे, आणि क्रॉसला दोन्ही कोन एकत्र सोसावे लागतात. उभा २ अंश आणि आडवा दीड अंश म्हणजे प्रत्यक्षात अडीच.

सुटताना पिनियन नाक वर करतो, म्हणून उभ्या गाडीत तो थोडा खाली ठेवतात, लॅडर बार किंवा फोर-लिंक या मागचा ॲक्सल धरणाऱ्या रचनांना एक-दोन अंश पुरतात आणि पाटा स्प्रिंगला त्याहून बरेच जास्त लागतात. शाफ्टच्या पुढच्या क्रॉसपासून ६ इंचांच्या आत सेफ्टी लूप (तुटलेला शाफ्ट धरून ठेवणारं कडं) येतोय ना तेही याच वेळी बघा. पुढचा क्रॉस तुटला आणि लूप नसला तर शाफ्टचं टोक जमिनीत रुतू शकतं.

नुसता ब्लॉक ठेवून माप घेणं

रिकामा ब्लॉक किंवा प्लॅस्टिकचा डमी मस्त बसतो. मग हेडर येतात आणि स्टीअरिंग शाफ्टला भिडतात, स्टार्टर काढायला इंजिनच उचलावं लागतं, डिस्ट्रिब्युटर मागे असलेल्या इंजिनात तो फायरवॉलमध्ये अडकतो. मॉक-अप (तात्पुरती जुळणी) करताना हेड, हेडर, स्टार्टर, बेलहाउसिंग (क्लचवरचं कव्हर), वॉटर पंप, ऑइल संप सगळं लावलेलं हवं, गाडी खऱ्या टायरवर, खऱ्या राइड हाइटला. आणि एकदा स्वतः हात घालून बघा, सगळ्यात मागचा प्लग पान्याने निघतो का? दोन राउंडच्या मधल्या वेळात, गरम हेडरच्या शेजारी, तोच प्लग काढायचा आहे.

संपचं, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचं, तर विशेष सांगतो. सुटताना सगळं ऑइल मागे धावतं, त्यामुळे पिकअप (पंपाची ऑइल शोषणारी नळी) मागे हवा. क्रॉसमेंबर आडवा येतो म्हणून लोक पुढच्या बाजूला खोलगट असलेला संप लावतात आणि मग लाँचला ऑइल प्रेशर पडतं. इथे बेअरिंग जातात, आणि दोष मात्र ऑइल पंपावर ढकलला जातो.

माउंटिंगमध्ये एकच गोष्ट. मोटर प्लेट (इंजिन पुढून चॅसिसला धरणारी प्लेट) लावली तर ती पातळ ॲल्युमिनियमची असते, वर-खाली मजबूत पण पुढे-मागे वाकते, म्हणून मिड प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्समधली) किंवा पुढेमागे धरणारे रॉड लागतातच. आणि फक्त पुढून इंजिन कडक बोल्ट करून गिअरबॉक्सचं माउंटिंगही कडक ठेवलं तर चॅसिसचा पीळ गिअरबॉक्सच्या केसिंगवर येतो आणि तिचा कान तुटतो. तिथे रबर किंवा पॉली ठेवा.

ड्रायव्हरच्या पायाचा विचार न करणं

८ मार्च १९७० ला लाँग बीचजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर अमेरिकन ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सच्या पुढे-इंजिनवाल्या ड्रॅगस्टरचा (लांब, सडपातळ ड्रॅग गाडीचा) ट्रान्समिशन स्टार्ट लाइनवरच फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. त्यानंतर त्याने इंजिन ड्रायव्हरच्या मागे असलेली गाडी बांधली आणि १९७१ ची एनएचआरएची विंटरनॅशनल्स शर्यत जिंकली. इंजिन मागे ठेवायचे प्रयोग त्याआधीही झाले होते पण त्या गाड्या सरळ चालत नव्हत्या, आणि गार्लिट्सच्या टीमला सापडलेला मोठा उपाय म्हणजे स्टीअरिंगचा रेशो मंद करणं. इंजिनची जागा बदलली की स्टीअरिंग, सीट, ब्रेक सगळं परत जुळवावं लागतं ते असं.

आपल्या साध्या, दारं असलेल्या डोअर कारमध्ये इंजिन २० सेंटीमीटर मागे आलं म्हणजे फ्लायव्हील आणि क्लच बरोबर घोट्यांच्या शेजारी आले. तिथे एसएफआय (रेसिंग सुरक्षा मानकं ठरवणारी संस्था) मान्यतेचं बेलहाउसिंग आणि गिअरबॉक्सवर शील्ड नसेल तर सेटबॅकचा विचारच सोडा.

बांधून झालंय आणि त्रास आहे?

आधी इंजिनकडे बोट दाखवू नका. टायर फिरतायत तर पहिल्यांदा टायरची हवा, मग शॉक, मग फोर-लिंकच्या दांड्यांची भोकं, मग वजनाची वाटणी. सुटताना गाडी एका बाजूला ओढते तर चारही कोपऱ्यांची वजनं बघा, इंजिन दोन सेंटीमीटर उजवीकडे असल्याने एवढं होत नाही.

वेगाबरोबर वाढत जाणारी थरथर असेल तर शाफ्टचे कोन मोजा, आणि ते ठीक असतील तर शाफ्टचा बॅलन्स. ऑइल प्रेशर लाँचला पडतं की शेवटी ब्रेक मारताना, हे डेटा लॉगरवर वेगळं करून बघा. लाँचला असेल तर पिकअपची जागा, ब्रेकला असेल तर ऑइल पुढे पळतंय, संपमध्ये झडपवाला बॅफल (ऑइल अडवणारा पत्रा) घाला. थ्रॉटल मध्येच आपोआप वाढत असेल तर तिथेच थांबा, गाडी चालवू नका, डावं माउंटिंग बघा. टॉर्कने इंजिनची डावी बाजू वर उचलते, तिथलं रबर फाटलं की इंजिन उठतं आणि थ्रॉटलची केबल ओढली जाते.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर वरचं बरंचसं उलटं करून वाचा. सुटताना वजन चालणाऱ्या चाकांवरून निघून जातं, त्यामुळे इंजिन, बॅटरी, पेट्रोलची टाकी सगळं जमेल तेवढं पुढे आणि खाली, आणि मागचा भाग बसू नये म्हणून व्हीली बार.

आणि माउंटिंगला आधी फक्त टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) मारा. काट्यावर वजन, शाफ्टचे कोन, प्लगचा पाना, स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून हेडरला लागत नाही ना, हे सगळं झालं की मगच पूर्ण वेल्डिंग.