वाचता न येणारा पेशंट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आजार-दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारा): या चुका टाळा

"समजलं ना?" एवढं विचारून पेशंटला घरी पाठवलंत, तर तुम्ही काहीच तपासलेलं नाही. ज्याला वाचता येत नाही तो "हो"च म्हणणार. आयुष्यभर त्याने असंच निभावून नेलंय. "चष्मा घरी राहिला", "मुलगी वाचेल" हे कानावर आलं की मी सूचनांचा कागद बाजूला ठेवते.

आणि कृपा करून "मग चित्रं देऊ" म्हणू नका. मीही तेच केलं होतं. बोटाचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) शिवलेला पेशंट. स्प्लिंट (हात एका स्थितीत धरून ठेवणारा आधार) काढायचं नाही, त्या हाताने वजन उचलायचं नाही. भरलेली बादली उचलणारा हात, त्यावर मोठी लाल फुली, असं चित्र मी अभिमानाने दिलं. चौथ्या आठवड्यात गडी टेंडन तुटलेल्या अवस्थेत परत. रोज बादली उचलत होता! "तुम्हीच फुली मारून दिली होती की." त्याला जन्मभर सही-अंगठ्याच्या जागेवर फुली मारून मिळालेली, फुली म्हणजे 'इथे करा'. पुन्हा शस्त्रक्रिया झाली. चूक त्याची नव्हती. फुली, बाण, चित्रांचा डावीकडून उजवीकडे क्रम, हे सगळं आपण शाळेत शिकलेलो असतो.

आता मी कागदाआधी हात वापरते. स्प्लिंट काढायची मुभा असेल तर पट्टे त्यालाच लावायला सांगते, मग म्हणते, "घरच्यांना कसं सांगाल ते मला दाखवा." चुकलं तर मी नीट शिकवलं नाही, असं धरून पुन्हा. एका भेटीत दोन-तीनच गोष्टी. व्यायामाचा व्हिडिओ त्याच्याच फोनवर, त्याच्याच हाताचा. नवशिके म्हणतात, एवढा वेळ कुठे आहे? पाच मिनिटं लागतात हो. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर सगळं पहिल्यापासून करायला किती लागतात, ते मला विचारा.

सगळ्यांसमोर "वाचता येतं का?" विचारू नका.

कागदावर घड्याळाचं चित्र काढता आलं नाही म्हणून स्मृतिभ्रंशाचा संशय लिहू नका. आधी पेन कधी धरलंय का ते बघा. मोका (MoCA) या स्मरण-विचारशक्तीच्या चाचणीत 12 वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षणाला एक गुण वाढवून मिळतो, पण शाळाच न पाहिलेल्याला तो पुरत नाही. त्यासाठी मोका-बेसिक आहे.

आणि उगाच बाराखडी घेऊन बसू नका. काय वाचायचं-लिहायचंय, कशासाठी, ते विचारा. पक्षाघातातून सावरणाऱ्या एका बाईंना फक्त अंगठ्याऐवजी सही करायची होती. पेनाला जाड पकड लावली आणि उपचाराच्या ध्येयाच्या रकान्यात तिच्या नावाची चार अक्षरं लिहिली.