कोट घालून मरत नाही, धुऊन मरतो

माझ्या लग्नातला कोट मी माझ्या हातांनी मारला. १९९६ चा वैशाख होता. राखाडी रंगाचा, धुळ्याला आग्रा रोडवर शिवून घेतलेला सूट. लग्नाला आठ दिवस झाले आणि कॉलरवर हळद-घामाचा पिवळा पट्टा दिसला, म्हणून मी तो सरळ बादलीत बुडवला. आमची अमळनेरला तिसऱ्या पिढीची लॉन्ड्री, त्यामुळे कपडा मला काय शिकवणार अशी घमेंड. वडील कोळशाच्या इस्त्रीवर राख फुंकत बसले होते. तिथूनच म्हणाले, "कोटले पानी लावू नको रे, रुसी जाई तो." मी ऐकलं नाही. संध्याकाळी दोरीवरून काढला तर छातीवर कापडाला फोड आल्यासारखे फुगे, बाह्या दोन बोटं आखूड, आणि आटलेल्या बाहीतून न आटलेलं अस्तर खाली लोंबतंय.

तेव्हापासून सूट घेऊन कोणी दुकानात आलं की मी आधी विचारतो, धुवायचा कशाला? निम्म्या वेळा गरज नसते. येत्या लग्नसराईत भाच्याचं लग्न आहे. त्याला हे सगळं फोनवर सांगून झालं, आता लिहूनच ठेवतो.

कोट आतून काय असतो ते आधी समजून घ्या. वरून दिसतं ते कापड, आत दिसतं ते अस्तर, आणि दोघांच्या मध्ये छातीला आकार देणारा तिसरा थर. चांगल्या टेलरच्या कोटात हा थर कॅनव्हासचा, दोऱ्याने टाचलेला असतो. रेडिमेडमध्ये बहुतेक वेळा फ्यूजिंग असतं, म्हणजे गरम दाबाने गोंदासारखं चिकटवलेलं. खालच्या बटणाच्या खाली कापड आणि अस्तर दोन बोटांच्या चिमटीत धरून अलग ओढून बघा. मध्ये तिसरा पदर मोकळा सरकला तर कॅनव्हास. वरचं कापडच जाड आणि पुठ्ठ्यासारखं लागलं तर फ्यूजिंग. पाण्याने आणि जास्त उष्णतेने हे चिकटवलेलं सुटतं आणि फुगे येतात. एकदा आले की पुन्हा नीट बसवणं जवळपास अशक्य. माझ्या कोटात तर दोन्ही दुखणी होती: वरचं कापड लोकरीचं, ते आटलं, आणि आतलं फ्यूजिंग सुटलं.

कापड कोणतं, तेही माहीत असू द्या. पँटच्या मोहरीच्या आतून एक दोरा काढा आणि चिमट्यात धरून पेटवा. जळक्या केसांचा वास येऊन राख चुरगळली तर लोकर. वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. दोन्ही झालं तर टेरीवूल, म्हणजे दोन्हींचं मिश्रण. आपल्याकडे सुरतेहून लग्नाला येणारी मंडळी घालतात ते सूट बरेचदा पॉलिस्टर-व्हिस्कोसचे. त्यांना नावं ठेवू नका, फक्त गरम इस्त्रीपासून लांब ठेवा.

नवा सूट आणला की दोन गोष्टी कापायच्या असतात. कोटाच्या मागच्या कटाला पांढऱ्या दोऱ्याची फुली मारलेली असते, ती दुकानातून घरी येईपर्यंत घडी बसावी म्हणून. आणि बाहीवरचं कंपनीचं लेबल. दोन्ही तसंच ठेवून मांडवभर फिरणारे नवरदेव मी दर वर्षी बघतो. बाहेरच्या खिशांना घातलेले टाके मात्र राहू दिले तर उत्तम. उघडले की माणूस त्यात मोबाइल कोंबतो आणि कोट एका बाजूला ओघळतो.

आता रोजची निगा. ती फार नाही, पण आळस नको. घरी आलात की खिसे रिकामे करा, कोट जाड, खांद्याला गोलाई असलेल्या लाकडी हँगरवर टांगा. आमच्यासारख्या लॉन्ड्रीवाल्यांचा तारेचा हँगर हा फक्त दुकानापासून घरापर्यंतचा, त्याने खांद्यावर टोकं येतात. मग कपड्याचा मऊ ब्रश घ्या. आधी धूळ उडवायला हलका हात, मग वरून खाली एकाच दिशेने. कॉलर उलटी करून तिच्याखाली, खिशांच्या झाकणाखाली, पँटच्या मोहरीत. खानदेशातली उन्हाळ्याची धूळ बारीक असते, धाग्यात बसली की चालता-बसताना कापड आतून घासते. कापसाच्या हंगामात जिनिंग गिरणीच्या बाजूने जाऊन आलात तर काळ्या कोटावर रुईचे तंतू दिसतील. ते ब्रशने निघत नाहीत, रुंद चिकटपट्टी बोटांना उलटी गुंडाळून टिपा.

ब्रश झाला की कोट लगेच कपाटात कोंबू नका. रात्रभर ओसरीत किंवा खिडकीजवळ वाऱ्याला असू द्या. उन्हात नाही. घामाचा वास निम्मा तिथेच जातो, आणि लोकर असेल तर चुण्यासुद्धा आपोआप सैल पडतात. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा पंख्याखाली. तोच सूट लागोपाठ दोन दिवस घालू नका. वकील मंडळींना हे जमत नाही, म्हणून मी त्यांना दोन कोट करायला सांगतो.

घामाचं एक वेगळंच आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास, आणि त्यात कोट! काखेत पांढरे पट्टे उमटतात ते मिठाचे. लोकांना वाटतं ड्रायक्लीनने सगळं जातं. ड्रायक्लीन म्हणजे पाण्याऐवजी सॉल्व्हंटमध्ये धुणं. मोठ्या मशीनमध्ये एक रसायन, आमच्याकडच्या लहान दुकानांत पेट्रोलजन्य सॉल्व्हंट. ते तेल-तूप विरघळवतं, पण मीठ आणि साखर त्यात विरघळत नाही. म्हणून काखेतलं अस्तर आतून ओल्या, नीट पिळलेल्या फडक्याने टिपायचं आणि लगेच पंख्याखाली वाळवायचं. फडकं वरच्या कापडापर्यंत भिजवायचं नाही. सरबत, कोल्ड्रिंकचं तसंच. त्या दिवशी डाग दिसत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी किंवा गरम इस्त्री फिरली की पिवळा-तपकिरी होऊन वर येतो. सांडल्या क्षणी साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने टिपून टाका, आणि लॉन्ड्रीत देताना जागा बोटाने दाखवा.

ही बोटाने दाखवायची सवय लावून घ्या. गिऱ्हाईक गाठोडं टेकवून निघून जातं, आणि आम्ही डाग कशाचा ते हुंगत बसतो. शेवभाजीचा की ग्रीसचा, हे कळलं तर माझं अर्धं काम झालं.

जेवणातल्या डागांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण खानदेशात लग्नाचं जेवण म्हणजे तेल तरंगतं. वांग्याचं भरीत, वरण-बट्टीवरचं तूप, शेवभाजीची तर्री. पडलं की घासू नका. चमच्याच्या कडेने किंवा बोथट सुरीने उचला, कोरड्या रुमालाने दाबून टिपा, मग वर टाल्कम पावडर भुरभुरवा. मांडवात पावडर कुठून, असं विचाराल. नवरीकडच्या खोलीत असते, लाजू नका. रात्रभर राहू द्या, सकाळी ब्रशने झाडा. तेल पावडरने ओढलेलं असतं, उरलं तर लॉन्ड्री बघेल.

हळदीला साबण दाखवायचा नाही. साबण लागला की ती लाल होते, आणि घाबरून माणूस अजून साबण लावतो. हळदीचा रंग उजेडात उडतो हे आपल्या आयांना माहीत होतं, म्हणून त्या हळदीचं लुगडं उन्हात टाकायच्या. पण सुटाला ऊन जपून. फिक्या रंगाचा असेल तर बाकी कोट फडक्याने झाकून तेवढा डाग सकाळच्या उन्हात तासभर धरा, तेही दोन-तीन दिवस. गडद रंगाला हा उपाय नाही, डागाबरोबर कोटाचाही रंग जाईल.

गुलाल आणि कुंकू कोरडंच झाडायचं. कोट उलटा, म्हणजे तोंड जमिनीकडे करून धरा, मागून थापटा, फुंकर मारा, मग ब्रश. पाण्याचा थेंब लागला की रंग धाग्यात उतरला. अत्तर, स्प्रे कोट घालायच्या आधी अंगावर मारा, कापडावर नको, पांढुरके ठिपके पडतात.

आणि केळीचा चीक. हा डाग आमच्या भागाचा. मांडवाच्या दाराला ताजे कापलेले केळीचे खांब बांधतात, आणि नवरदेवाचे मित्र त्यालाच टेकून फोटो काढतात. चीक लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो, कोणाला कळतही नाही. वाळला की तपकिरी-काळा. चोपडा-रावेरकडच्या केळीवाल्या शेतकऱ्यांचे कामाचे कपडे बघा, सगळे या डागांनी भरलेले, आणि ते डाग कपड्याबरोबरच जातात. ओला असताना टिपलात तर काही आशा. एकदा काळा पडला की मी वडिलांसारखंच म्हणतो, "हाऊ डाग जास नही, भाऊ." पैसे घेऊन खोटी आशा दाखवणारे बरेच आहेत. कडक ब्लीच लावून ते डागाच्या जागी भोक देतात.

घरी पेट्रोलने डाग पुसू नका, हे वेगळं सांगायला हवं. जुनी पद्धत होती, आमच्याच गल्लीत होती. बंद खोलीत त्याची वाफ साठते आणि शेगडीची ठिणगी पुरते.

ड्रायक्लीन कधी? रोजचा कोट असेल तर वर्षातून तीन-चार वेळा, लग्नाचा असेल तर हंगाम संपल्यावर एकदा. ठेवण्याआधी द्यायचाच, कारण कसर, म्हणजे कपडे खाणारी अळी, नुसत्या लोकरीवर येते त्याहून जास्त अन्नाच्या आणि घामाच्या डागांवर येते. कोट आणि पँट एकत्र द्या. नुसता कोट दर वेळी दिलात तर दोन वर्षांनी दोघांच्या रंगात फरक पडतो. आतलं लेबल वाचा. गोल म्हणजे ड्रायक्लीन चालेल, गोलात 'एफ' असेल तर फक्त पेट्रोलजन्य सॉल्व्हंट, पाण्याच्या भांड्यावर फुली म्हणजे पाणी वर्ज्य. परत आणला की प्लास्टिक त्याच दिवशी काढा. सॉल्व्हंटचा वास आणि दमटपणा त्यात कोंडतो. जुन्या धोतराची किंवा सुती चादरीची पिशवी शिवून घाला, तिच्या वरच्या टोकाला हँगरपुरतं भोक. कपाटात डांबर गोळ्या ठेवायच्या तर कापडाला टेकणार नाहीत अशा, पुरचुंडीत. कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवून ठेवला तर तोही चालतो. ओलसर ठेवलात तर बुरशी मात्र तुमची.

इस्त्री मी जमेल तितकी टाळतो. गच्चीवर सावलीत किंवा गरम पाण्याची बादली ठेवलेल्या बाथरूममध्ये अर्धा तास टांगून चुणी गेली तर इस्त्रीच नको. करायचीच तर कोट उलटा, अस्तराकडून सुरुवात. वरून करताना सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा, ते मध्ये ठेवा, इस्त्री मध्यम, आणि सरकवायची नाही. ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. बाहीत टॉवेलची गुंडाळी घाला म्हणजे घडी पडत नाही. लॅपेल, म्हणजे कॉलरखाली छातीवर वळलेला भाग, जिथे वळतो तिथे इस्त्री दाबून धार काढू नका, तो फुलासारखा वळलेला हवा. मग पंधरा मिनिटं टांगून थंड होऊ द्या, गरम कोट अंगात घातला की कोपरात लगेच मोडतो.

इस्त्रीने चुकून चमक आली तर? लोकरीवर आली असेल तर थोडा पांढरा व्हिनेगर पाण्यात मिसळून फडक्याने लावा, वाफ द्या, ब्रश करा, बरीच जाते. पॉलिस्टर चमकलं म्हणजे धागाच वितळून चपटा झाला. त्याला मी तरी काही करू शकत नाही.

एसटीने किंवा सुरत-भुसावळ गाडीने वऱ्हाडात निघाला असाल तर कोट असा घडी करा: एक खांदा आतून बाहेर उलटा करा, दुसरा सुलटा खांदा त्यात बसवा, म्हणजे अस्तर बाहेर आणि कापड आत. लांबीत एकदा दुमडा, मध्ये बनियन ठेवा. पोहोचलात की आधी पिशवी उघडा, चहा नंतर.

तुळशीच्या लग्नानंतर, पुढच्या हंगामाच्या आधी, सूट उजेडात धरून बघा, कसरीची बारीक भोकं असतील तर प्रकाश आरपार येतो. आणि पँट घालून बघा. टेलरने शिवली असेल तर मागच्या शिवणीत दीड-दोन इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, असते, कंबर सुटलेली असली तरी सोडवून मिळते. रेडिमेडमध्ये तेवढी माया नसते. लग्नाच्या आदल्या रात्री दहा वाजता बटण लावून घ्यायला माझ्याकडे येऊ नका, टेलर समोरच्याच गल्लीत आहे, आणि तो आठला दुकान बंद करतो.