सप्टेंबरची प्लेऑफ रेस कशी फॉलो करायची: आधी लॉस कॉलम बघा

मे महिन्यात अमेरिकन बेसबॉलच्या मेजर लीगमधली आपली टीम एखादी मॅच हरली तर आपण म्हणतो जाऊ दे, अजून शंभरच्या वर मॅच पडल्यात. सप्टेंबर उजाडला की तशीच एक हार रात्रीची झोप उडवते, कारण १६२ मॅचचा सीझन शेवटी एका-दोन मॅचवर येऊन अडकतो. आणि खरी मजा तेव्हाच येते जेव्हा आपल्याला माहीत असतं की आज कोण हरायला हवंय आणि का. गणित फार लागत नाही, स्टँडिंग्ज नीट वाचता आले की झालं.

जागा किती ते आधी पक्कं करा. २०२२ पासून अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमधून प्रत्येकी सहा टीम प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये जातात, आपापली डिव्हिजन (लीगमधला गट) जिंकणाऱ्या तीन आणि वाइल्ड कार्डवाल्या, म्हणजे डिव्हिजन न जिंकलेल्यांतल्या सगळ्यात चांगल्या रेकॉर्डच्या, तीन. डिव्हिजन जिंकणाऱ्यांतल्या पहिल्या दोघांना पहिला राउंड माफ (यालाच बाय म्हणतात), बाकी चौघांना तीन मॅचची सिरीज, आणि ती पूर्णच्या पूर्ण वरच्या सीडच्या (क्रमवारीत वर असलेल्या टीमच्या) मैदानावर. म्हणजे एकाच वेळी तीन-तीन रेस चालू असतात, डिव्हिजनची, बायची आणि वाइल्ड कार्डची, त्यामुळे आपली टीम नक्की कुठल्या रेसमध्ये आहे हे आधी ठरवा नाहीतर दहा स्कोअर बघत बसाल आणि त्यातले सात कामाचेच नसतील.

आता मुख्य गोष्ट. टेबलमध्ये सगळे ‘गेम्स बिहाइंड’चा, म्हणजे किती मॅच मागे त्याचा, कॉलम बघतात, तुम्ही हारलेल्या मॅचचा बघा. समजा पुढची टीम ८८-६२ (८८ विजय, ६२ हारी) आणि मागची ८५-६६. विजयांचा फरक ३, हारींचा फरक ४, बेरजेचे अर्धे म्हणजे साडेतीन मॅचचं अंतर. पण मागच्या टीमचं खरं दुखणं ते ४ आहे. राहिलेली मॅच अजून जिंकता येते, हारलेली परत मिळत नाही, आणि पुढची टीम स्वतः हरल्याशिवाय तो आकडा कमी होणारच नाही. पावसाने मॅच पुढे ढकलल्या गेल्या आणि दोन टीमच्या खेळलेल्या मॅच सारख्या नसल्या की गेम्स बिहाइंड जास्तच फसवतं, लॉस कॉलम नाही फसवत.

मॅजिक नंबरही, म्हणजे पुढच्या टीमची जागा पक्की व्हायला तिचे विजय आणि मागचीच्या हारी मिळून अजून किती हव्यात तो आकडा, इथूनच निघतो: १६३ मधून पुढच्याचे विजय आणि मागच्याच्या हारी वजा करा. वरच्या उदाहरणात १६३ वजा ८८ वजा ६६, म्हणजे ९. पुढची टीम जिंकली की एक कमी, मागची हरली की एक कमी, आणि दोघी एकमेकींशी खेळल्या आणि पुढची जिंकली तर एका फटक्यात दोन कमी. म्हणून सप्टेंबरच्या शेवटी डिव्हिजनमधल्या सिरीज आल्या की कॅलेंडरवर खूण करून ठेवा, बाकी सगळं सोडून त्या बघायच्या.

टायब्रेकरकडे, म्हणजे रेकॉर्ड सारखा झाला तर कोण पुढे ते ठरवणाऱ्या नियमाकडे, मात्र लोक फार उशिरा बघतात आणि मग तोंडचं पाणी पळतं. आधी बरोबरी झाली की १६३वी मॅच व्हायची, २०२२ पासून ती बंद. आता पहिला निकष म्हणजे सीझनभरात आपापसात कोण जास्त जिंकलं, तिथेही बरोबरी असेल तर आपापल्या डिव्हिजनमधला रेकॉर्ड. आपल्याकडचं नेट रनरेट वगैरे इथे नाही, किती रननी जिंकलात याने काही फरक पडत नाही. आपापसातला हिशोब आधीच तुमच्या बाजूने पक्का झाला असेल तर मॅजिक नंबर आणखी एकाने कमी धरा, म्हणजे ९ च्या जागी ८.

याची किंमत २०२५ मध्ये मेट्सच्या फॅनना कळली. जूनच्या मध्याला सगळ्या मेजर लीगमध्ये त्यांचा रेकॉर्ड सगळ्यात भारी होता, मग टीम घसरत घसरत शेवटच्या दिवसापर्यंत आली. त्या दिवशी मेट्स मार्लिन्सकडून ४-० ने हरले, तिकडे रेड्स पण ब्रुअर्सकडून हरले, दोघेही ८३-७९. आणि शेवटच्या वाइल्ड कार्डवर रेड्स आत, कारण आपापसातली सिरीज त्यांनी जिंकली होती. त्याच वर्षी ब्लू जेज आणि यांकीज दोघेही ९४-६८ वर थांबले आणि डिव्हिजन ब्लू जेजला मिळाली, कारण तेच. म्हणून मे-जूनमधली तुमच्या टीमची त्या प्रतिस्पर्ध्याशी झालेली सिरीज आता उघडून बघा, ती अजून जिवंत आहे.

दोन प्रतिस्पर्धी एकमेकांशी खेळत असतील तर कोणाच्या बाजूने ओरडायचं हा प्रश्न हमखास पडतो. दोघेही तुमच्या पुढे असतील आणि तुम्हाला एकालाच गाठायचं असेल तर एकाने दुसऱ्याला सगळ्या मॅचमध्ये धुवावं अशीच इच्छा धरा, अर्ध्या-अर्ध्या वाटून घेतल्या तर तुमचंच नुकसान. २०२४ चं उदाहरण बघा. हेलीन वादळामुळे मेट्स-ब्रेव्ह्जच्या दोन मॅच पुढे ढकलल्या गेल्या आणि सीझन संपल्यावर दुसऱ्या दिवशी, ३० सप्टेंबरला, अटलांटात एकापाठोपाठ एक झाल्या. डायमंडबॅक्स ८९-७३ वर खेळून मोकळे, हातात काही नाही, नुसते देव पाण्यात ठेवून बसलेले. दोन्ही मॅच एकाच टीमने जिंकल्या असत्या तर ते आत होते. पहिलीत आठव्या इनिंगमध्ये मेट्सनी ६ रन काढले, त्याच इनिंगमध्ये ब्रेव्ह्जनी ४ काढून ७-६ केलं, आणि नवव्यात मेट्सच्या लिंडोरने दोन रनचा होमर (होम रन) मारून ८-७. मेट्सचं तिकीट पक्कं झालं, त्यांना दुसऱ्या मॅचचं काही पडलेलं राहिलं नाही, ब्रेव्ह्जनी ती ३-० ने घेतली आणि तिघेही ८९-७३ वर येऊन डायमंडबॅक्स घरी. टायब्रेकरमध्ये ते दोघांच्याही मागे होते. समोरच्या टीमला ती मॅच हवीय का नकोय, हे पण बघायचं असतं ते यासाठी.

शेड्यूल बघताना नुसतं समोर कोण ते बघू नका, पिचिंग कोण करणार ते बघा. शेवटच्या आठवड्यात मॅनेजर आपला सगळ्यात चांगला स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) रविवारी वापरायचा की प्लेऑफच्या पहिल्या मॅचसाठी राखायचा या पेचात असतो, आणि जागा आधी पक्की केलेली टीम त्याला बिनधास्त विश्रांती देते. तुमच्या प्रतिस्पर्ध्याला अशी टीम मिळाली तर ते त्यांचं नशीब, टेबलमध्ये दिसत नाही पण फरक पडतो.

टक्केवारीवाले प्लेऑफ ऑड्स दिवसातून एकदा बघा, बास. २०११ मध्ये ३ सप्टेंबरला रेड सॉक्स रेजच्या ९ मॅच पुढे होते आणि २८ सप्टेंबरच्या रात्री बाहेर गेले. २०२५ मध्ये टायगर्स गार्डियन्सच्या १५.५ मॅच पुढे होते आणि डिव्हिजन गार्डियन्सनी नेली. टायगर्स वाइल्ड कार्डने तरी आत आले, आणि पहिल्याच राउंडमध्ये गार्डियन्सनाच हरवलं.

शेवटच्या रविवारी बहुतेक मॅच एकाच वेळी सुरू करतात, म्हणजे कोणाला दुसऱ्याचा निकाल बघून आपला डाव ठरवता येऊ नये. मॅच सुरू व्हायच्या आधी कागदावर चार ओळी लिहून ठेवा: आपण जिंकलो आणि ते हरले तर काय, दोघे जिंकले तर काय, आपण हरलो आणि ते जिंकले तर काय, दोघे हरले तर काय. प्रत्येक ओळीपुढे टायब्रेकर कोणाचा ते लिहा. मोठ्या स्क्रीनवर आपली मॅच, फोनवर त्यांची, आणि फोनवरचं स्ट्रीम मागे पडत असेल तर स्कोअरचे नोटिफिकेशन बंद करा, नाहीतर होमर पडायच्या आधीच कळेल.