जंगलातली पायवाट: या चुका टाळा

जंगलातली वाट नागमोडी असते ती कुणाच्या हौसेपायी नाही. चढ पायांना झेपावा आणि पावसाचं पाणी वाटेवरून सरळ धावत माती घेऊन जाऊ नये, म्हणून ती वळणं घेतलेली असतात. तरी प्रत्येक गटात एखादा वीर निघतोच: "अरे, वाट खाली दिसतेय की! इथूनच उतरू."

अशाच एकाला शोधायला मी गेलो आहे. दोन वळणं कापून बेटा मजेत उतरला, तिसऱ्यांदा खाली वाटच सापडेना. मग 'पाणी खालीच जातं, आपणही जाऊ' म्हणत कोरड्या ओढ्यात शिरला. पाणी कड्यावरूनही उडी मारतं, हे त्याला पुरुषभर उंचीच्या गुळगुळीत खडकावरून घसरल्यावर कळलं. पुढे त्याहून मोठा कडा, मागे चढायला एक खाच नाही. आम्ही वरून हाका मारतोय, तो उत्तर देतोय. पण ओढ्यात आवाज असा घुमत होता की कुठल्या बाजूला आहे तेच समजेना. शेवटी वनरक्षक दोर घेऊन आले. वाचवायची होती दहा मिनिटं, गेली अख्खी दुपार. खूण दिसेनाशी झाली की मी सरळ मागे फिरतो, शेवटची खूण दिसली होती तिथपर्यंत. 'पुढे सापडेल' या भरवशावर चालत नाही.

दुसरी खोड उशिरा निघण्याची. सहा किलोमीटर म्हणजे तासाभराचं काम, असं सांगणारे भेटले की मी हात जोडतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला हिशेब अजून कामाला येतो: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक. हे न थांबता चालणाऱ्याचं गणित. धापा, डबा आणि फोटो वेगळे. मी त्यात निम्मी भर घालतो. दाट झाडीत सूर्य मावळायच्या आधीच अंधारून येतं.

फोनचं जीपीएस रेंजशिवाय चालतं, पण नकाशा आधीच उतरवून ठेवलेला हवा. मोहोळाजवळ अत्तर नको, धूर तर नकोच. माकडांना खाऊ घालू नका. नवे कोरे बूट आधी घराजवळ मळवा.

आणि शिट्टी गळ्यात हवी, सॅकच्या तळाशी नाही. अडकलात तर मिनिटभरात सहा वेळा वाजवा, मिनिटभर थांबा, पुन्हा सहा.