पिवळा त्रिकोण दिसला की: यूएसबी ड्रायव्हर टाकायचा कसा, आणि वेळ आलीच तर लिहायचा कसा

लॅमिंग्टन रोडवरनं नाहीतर पुण्यात तापकीर गल्लीतनं स्वस्तातला आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड) आणायचा, केबल लावायची, विंडोज टुडुंग करणार आणि आयडीईत, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पोर्ट मात्र दिसणार नाही. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टचे दिवस आले की हा प्रश्न हमखास येतो. मग ड्रायव्हर, म्हणजे त्या वस्तूशी बोलणारं सॉफ्टवेअर, हवा म्हणून गूगलवर यूएसबी ड्रायव्हर डाउनलोड असं टाकलं जातं, वर येईल ती लिंक दाबली जाते आणि तुमचे सगळे ड्रायव्हर जुने झालेत म्हणून ओरडणारं कुठलंतरी अपडेटर सॉफ्टवेअर मशीनमध्ये घुसतं. हे अजिबात करू नका, पाटी न वाचता एसटीत चढल्यासारखं आहे ते.

यूएसबीची कुठलीही वस्तू लावली की ती आधी स्वतःची ओळख सांगते. डिव्हाइस डिस्क्रिप्टर नावाचे १८ बाइट असतात, त्यात १६-१६ बिटांचे दोन नंबर, एक व्हेंडर आयडी म्हणजे कंपनीचा आणि एक प्रॉडक्ट आयडी म्हणजे त्या मॉडेलचा. ऑपरेटिंग सिस्टिम हे दोन नंबर घेऊन आपल्याकडच्या ड्रायव्हरांच्या यादीत शोधते, हे माझं असं कोणी म्हणतंय का. कोणी नाही म्हटलं तर मग क्लास बघते, कीबोर्ड-माउसचा एचआयडी, पेनड्राइव्हचा मास स्टोरेज, वेबकॅमचा व्हिडिओ, आणि या क्लासांचे ड्रायव्हर सिस्टिममध्ये आधीपासूनच असतात म्हणून तर नवा माउस लावल्यावर आपण काही शोधत बसत नाही. तिथेही काही जुळलं नाही की डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वस्तूच्या नावावर पिवळा त्रिकोण. बस, एवढंच असतं ते, बाकी सगळे तपशील.

तर आधी आयडी वाचा. विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, त्रिकोणवाल्या ओळीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स टॅब आणि तिथल्या ड्रॉपडाउनमधून हार्डवेअर आयडीज निवडायचं. व्हीआयडीच्या पुढे चार अक्षरं आणि पीआयडीच्या पुढे चार अक्षरं दिसतील, ती लिहून घ्या. लिनक्सवाल्यांनी टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी कमांड मारली की काम झालं. आता स्वस्त बोर्डांवर आणि सिरियल केबलींवर नेहमी भेटणारी मंडळी सांगतो: १ए८६ आणि ७५२३ दिसलं तर सीएच३४० चिप, १०सी४ आणि ईए६० असेल तर सिलिकॉन लॅब्जची सीपी२१०२ वगैरे, ०४०३ आणि ६००१ म्हणजे एफटीडीआय, ०६७बी आणि २३०३ म्हणजे प्रोलिफिकची पीएल२३०३. ओरिजिनल आर्डुइनोचा व्हेंडर आयडी २३४१ असतो. तुमच्या नॅनोवर खरेदी करताना काय छापलं होतं याला काही अर्थ नाही, आत चिप कुठली बसवलीय ती महत्त्वाची, आणि स्वस्तातल्या नॅनोत ती बहुतेक वेळा सीएच३४०च निघते.

पण व्हीआयडी ०००० आणि पीआयडी ०००२ असं दिसलं, सोबत एरर कोड ४३ आणि डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड असं लिहिलेलं असलं, तर ड्रायव्हर शोधायचं सोडून द्या. वस्तूला स्वतःचं नावच सांगता आलेलं नाही, हे केबलचं, पोर्टचं नाहीतर चिपचंच दुखणं आहे. केबल बदला, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागे थेट मदरबोर्डवर लावा, मधला हब काढा. आणि केबल लावून काही म्हणजे काहीच होत नसेल, आवाजसुद्धा येत नसेल, तर ती केबल नुसती चार्जिंगची असण्याची शक्यता फार मोठी. तिच्यात डेटाच्या दोन वायरी नसतातच, फक्त लाल आणि काळी. इथे लोकांचे अख्खे रविवार जातात.

बाकीचे कोड पटकन सांगून टाकतो. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, हा सगळ्यात सोपा. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण डिव्हाइस सुरू होत नाहीये. ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पटली नाही.

कोड २८ असेल तर आता चिप बनवणाऱ्याच्याच साइटवर जा, दुसरीकडे कुठे नाही. सीएच३४० साठी डब्ल्यूसीएच या चिनी कंपनीचा सीएच३४१एसईआर नावाचा इन्स्टॉलर मिळतो, नावात ३४१ आहे म्हणून बिचकू नका, दोन्हीला तोच चालतो. इन्स्टॉलर नसून नुसतं झिपचं फोल्डर असेल तर ते उघडून त्यातल्या आयएनएफ फाइलवर राइट क्लिक करून इन्स्टॉल म्हणा, किंवा डिव्हाइस मॅनेजरमधून अपडेट ड्रायव्हर, मग ब्राउज माय कॉम्प्युटर आणि ते फोल्डर दाखवा. आयएनएफ ही साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडून तुमचा व्हीआयडी-पीआयडी तिच्यात आहे का हे बघता येतं, नसेल तर तो ड्रायव्हर कितीही वेळा टाका, लागणार नाही. ही एक सवय लावून घ्या, निम्मी डोकेदुखी जाते.

कोड १० चा किस्सा वेगळा. प्रोलिफिकच्या जुन्या चिपांना आणि त्यांच्या नकलांना कंपनीचे नवे ड्रायव्हर मुद्दाम नाकारतात, त्यामुळे कालपर्यंत चालणारी केबल विंडोज अपडेटनंतर आज चालत नाही. तिथे अपडेट ड्रायव्हर, लेट मी पिक करून यादीतला जुना व्हर्जन निवडला की बहुतेक चालू होते. एफटीडीआयने तर २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये कहरच केला होता, विंडोज अपडेटमधून आलेला त्यांचा ड्रायव्हर नकली चिपांचा पीआयडीच शून्य करून टाकत होता, म्हणजे ती केबल मग दुसऱ्या मशीनवरही ओळखू येईना. आरडाओरडा झाल्यावर तो मागे घेतला. नकली चिप बनवणारे चूकच, पण दुकानातनं केबल घेणाऱ्या माणसाला आतली चिप खरी की नकली हे कळणार कसं, शिक्षा त्याला कशाला?

पोर्ट दिसायला लागला आणि तरी स्केच म्हणजे आर्डुइनोचा प्रोग्राम अपलोड होत नसेल तर ड्रायव्हरला दोष देऊ नका. नॅनोच्या बाबतीत टूल्स मेनूतल्या प्रोसेसरमध्ये ओल्ड बूटलोडर निवडून बघा, नॉट इन सिंक वाली एरर बऱ्याचदा तिथेच मिटते. आणि कॉम पोर्टचा नंबर दर वेळी वेगळा येतो ही तक्रार असेल तर त्याचं कारण असं की सीएच३४० च्या बोर्डात साधारणपणे सिरियल नंबर नसतो, म्हणून वेगळ्या सॉकेटला लावलं की विंडोज त्याला नवीन वस्तू समजतं. एकच सॉकेट पकडून ठेवा.

लिनक्सवर सीएच३४१, सीपी२१०एक्स, एफटीडीआय, पीएल२३०३ या सगळ्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, असतात, काही टाकायचं नसतं. तरी परमिशन डिनाइड आलं तर उबुंटू-डेबियनवर स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या, नुसतं टर्मिनल बंद करून भागत नाही. उबुंटू २२.०४ वर अजून एक गंमत आहे, अंध लोकांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्राम असतो, काही ब्रेल डिस्प्लेंमध्येही हीच सीएच३४० चिप असल्यामुळे तो तुमचा नॅनो बघून ब्रेल डिस्प्ले समजतो आणि पळवतो. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या डीमेसेज कमांडमध्ये पोर्ट जोडला गेला आणि लगेच सुटला असं दिसलं तर हाच चोर. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर ते पॅकेज काढून टाका.

आता लिहायचा भाग. समजा तुम्ही स्वतःच एखादं यूएसबी यंत्र बनवलंय, किंवा कुठलंतरी जुनं यंत्र आहे ज्याचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरच चालायचं. लोकांना वाटतं आता कर्नल ड्रायव्हर लिहावा लागणार. माझं स्पष्ट मत आहे की शंभरातल्या नव्वद वेळा त्याची गरज नसते, आणि ज्यांना खरंच गरज असते त्यांना ती आधीच माहीत असते. यंत्र स्वतः बनवत असाल तर ते सरळ एचआयडी किंवा सीडीसी सिरियल (सिरियल पोर्टसारखा क्लास) म्हणून ओळख देईल असं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतला प्रोग्राम, लिहा, विंडोज १० पासून सीडीसीचा ड्रायव्हर आपोआप लागतो, विषय संपला. तेही नको असेल तर विनयूएसबी हा मायक्रोसॉफ्टचा तयार ड्रायव्हर वापरा. फर्मवेअरमध्ये मायक्रोसॉफ्टचे खास डिस्क्रिप्टर घालून त्यात कम्पॅटिबल आयडी विनयूएसबी असा दिला की विंडोज ८ पासून पुढे आयएनएफ फाइलसुद्धा लागत नाही.

यंत्र दुसऱ्याचं असेल, फर्मवेअर हातात नसेल, तर यंत्राला दुसरा ड्रायव्हर लावणारं झाडिग नावाचं छोटं फुकट टूल आहे. ऑप्शन्समधून लिस्ट ऑल डिव्हाइसेस करायचं, यादीतून आपला व्हीआयडी-पीआयडी जुळवून घ्यायचा आणि विनयूएसबी निवडून रिप्लेस दाबायचं. इथे घाई करू नका हो. यादीत तुमचा कीबोर्ड आणि माउसही दिसत असतात, चुकून त्यावर दाबलं की ते मेले. परत आणायचं तर डिव्हाइस मॅनेजरमधून अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही काढून टाकायचा चौकोन टिक करायचा आणि मग स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस, पण हे सगळं करायला माउस लागतो ना! एकाच यंत्रात दोन-तीन इंटरफेस असतील तर तेही वेगवेगळे दिसतात, त्यातला जो हवा तोच बदला.

मग पायथॉनमध्ये पायूएसबी, म्हणजे यूएसबी यंत्राशी बोलायची लायब्ररी. पिपने टाका, विंडोजवर सोबत लिबयूएसबीची डीएलएल लागते, ती नसली की नो बॅकएंड अव्हेलेबल असं येतं. पहिली ओळ फाइंड, तिला दोन्ही आयडी द्यायचे. लिनक्सवर कर्नलच्या ड्रायव्हरने यंत्र आधीच धरलेलं असेल तर डिटॅच करावं लागतं. मग कॉन्फिगरेशन सेट करायचं आणि यंत्राशी बोलायला लागायचं. सुरुवात एंडपॉइंट (यंत्रातली डेटा जायची-यायची वाट) शून्यवरच्या कंट्रोल ट्रान्स्फरने करा, तो प्रत्येक यंत्रात असतोच. त्याला पाच गोष्टी द्यायच्या: रिक्वेस्ट टाइप, रिक्वेस्ट नंबर, व्हॅल्यू, इंडेक्स, आणि शेवटी डेटा किंवा किती बाइट हवेत तो आकडा. व्हेंडरची स्वतःची कमांड पाठवायची असेल तर टाइप हेक्समध्ये ४०, यंत्राकडून वाचायचं असेल तर सी०. मोठा डेटा असेल तर बल्क एंडपॉइंट, फुल स्पीडला एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त ६४ बाइट, हाय स्पीडला ५१२. टाइमआउट द्यायला विसरू नका आणि टाइमआउट आला म्हणजे यंत्र बिघडलं असं समजू नका, बऱ्याचदा त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं एवढंच.

कमांड कुठल्या पाठवायच्या हेच माहीत नसेल तर जुनं सॉफ्टवेअर चालवून चोरून ऐकायचं. विंडोजवर वायरशार्क आणि सोबत यूएसबीपीकॅप, लिनक्सवर यूएसबीमॉन. सॉफ्टवेअरमधलं एकच बटण दाबा, कॅप्चर थांबवा, बघा काय गेलं, मग दुसरं बटण. सगळी बटणं एकदम दाबून मग हजारो ओळींत शोधत बसू नका.

लिनक्सवर हा पायथॉन प्रोग्राम दर वेळी सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने, चालवायचा नसेल तर युडेव्हचा नियम लिहा, यंत्र लागल्यावर काय करायचं ते युडेव्ह ठरवतं. ईटीसीतल्या युडेव्हच्या रूल्स फोल्डरमध्ये एक फाइल, तिच्यात एकच ओळ, सबसिस्टिम यूएसबी, दोन्ही आयडी आणि लॉगिन केलेल्या माणसाला परवानगी देणारा यूअ‍ॅक्सेस हा टॅग. फाइलच्या नावाचा नंबर मात्र ७३ पेक्षा कमी ठेवा, ९९ ठेवला तर टॅग लागतो पण परिणाम शून्य, आणि इंटरनेटवरच्या अर्ध्या उदाहरणांत ९९च असतो.

एवढं करूनही कर्नल ड्रायव्हरच हवा असेल, म्हणजे यंत्र नेटवर्क कार्ड किंवा साउंड कार्डसारखं बाकी सिस्टिमला दिसायला हवं असेल, तर लिनक्सपासून सुरुवात करा. कर्नलच्या सोर्समध्ये ड्रायव्हर्स, त्यात यूएसबी फोल्डर, तिथे यूएसबी-स्केलेटन नावाची फाइल आहे, ती नवशिक्यांसाठीच ठेवलीय. मुळात तीनच गोष्टी असतात, आयडींचा तक्ता, यंत्र लागल्यावर चालणारं प्रोब फंक्शन आणि काढल्यावर चालणारं डिस्कनेक्ट. प्रोब सगळ्यांना जमतं, खरी मजा डिस्कनेक्टमध्ये. प्रोग्रामने फाइल उघडून ठेवलीय, वाचतोय आणि तेवढ्यात कोणीतरी केबल उपटली, आता मेमरी मोकळी कधी करायची? लगेच केली तर वाचणारा प्रोग्राम कर्नलसकट कोसळतो. स्केलेटनमध्ये यासाठी रेफरन्स, म्हणजे ती मेमरी अजून किती जण वापरतायत ते, मोजलेत, तो भाग समजेपर्यंत वाचा, कॉपी करून पुढे जाऊ नका. दुसरं म्हणजे ट्रान्स्फरचा बफर फंक्शनच्या स्टॅकवर घेऊ नका, के-मॅलॉकने घ्या, कारण तो डीएमएला, म्हणजे हार्डवेअरने थेट मेमरी वाचण्या-लिहिण्याला, जातो.

मॉड्यूल लोड करताना की वॉज रिजेक्टेड असं आलं तर कोड चुकलेला नाही, सही नसलेला कोड अडवणारं सिक्युअर बूट चालू आहे. स्वतःची की बनवून एमओकेमध्ये, म्हणजे मशीनमालकाच्या कींच्या यादीत, नोंदवा आणि मॉड्यूलवर सही करा. कर्नल अपडेट झाला की मॉड्यूल परत बांधावं लागतं, डीकेएमएस लावून ठेवलं तर ते आपोआप होतं.

विंडोजवर कर्नल ड्रायव्हर म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरनं सही आणणं आलं, आणि त्यासाठी महागडं ईव्ही (कडक पडताळणी करून मिळणारं) सर्टिफिकेट. स्वतःच्या मशीनवर प्रयोग करायचा असेल तर शिफ्ट दाबून रिस्टार्ट करा, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज आणि ७ दाबा, सहीची सक्ती तेवढ्या बूटपुरती जाते. कायम टेस्ट मोड हवा तर सिक्युअर बूट बंद करावा लागतो, म्हणून हे रोजच्या कामाच्या मशीनवर नको, एखादा जुना डबा घ्या.

आणि यंत्र लोकांना वाटणार असाल तर व्हीआयडी-पीआयडी मनानेच ठोकून देऊ नका, उद्या कोणाच्यातरी मशीनवर भलताच ड्रायव्हर येऊन बसेल. स्वतःचा व्हेंडर आयडी विकत घ्यायला बरेच डॉलर लागतात, पण प्रोजेक्ट ओपन सोर्स असेल तर पीआयडी डॉट कोड्सवाले १२०९ या व्हेंडर आयडीखाली एक प्रॉडक्ट आयडी फुकट देतात. गिटहबवर पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपली भर सामावून घ्यायची विनंती, टाकायची, सोर्स आणि लायसन्स दाखवायचं, झालं.