डब्यावरची परकी अक्षरं कशी घालवली

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घराच्या गॅलरीत मॉडेल रेल्वेचे, १:८७ मापाचे (खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान) चार मालडबे महिनाभर पडून होते. अंगावर अमेरिकी रेल्वेची अक्षरं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ज्या ठाण्याला आली, तिथे आपले डबे परके कसे चालतील?

पहिला प्रयोग बायकोच्या नेलपॉलिश रिमूव्हरचा. त्यात ॲसिटोन असतं आणि डबा पॉलिस्टायरिनचा. अक्षरं गेली, पण त्यांच्यासोबत भिंतही विरघळून चिकट झाली. तो डबा आता भंगार यार्डात उभा आहे (यार्ड म्हणजे बुटांचं खोकं).

मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. कापसाची काडी भिजवून एका अक्षरावर अर्धा मिनिट नुसती धरायची. घासायची घाई केली की खालचा रंगही उठतो. शाई मऊ झाली की टूथपिकने हळूच खरवडायची, काडी बदलायची, पुढचं अक्षर. एका बाजूला पाऊण तास लागला. दरवेळी आधी डब्याच्या तळाला, न दिसणाऱ्या जागी, थेंब लावून बघा. काही कंपन्यांची छपाई दाद देत नाही, तिथे २००० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात बुडवून वापरला.

नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन दिवसभर वाळवलं आणि तांबूस तपकिरी रंगाचे पातळ हात दिले. जुलैत स्प्रे मारू नका. हवेतल्या दमटपणाने माझ्या एका डब्यावर दुधाळ पापुद्रा आला होता. आता देवनागरी अक्षरांचे डेकल (डब्यावर चिकटवायची छापील अक्षरं) लावायचेत, त्याआधी चकचकीत वॉर्निशचा एक हात.